नाना फडणवीस १८०४ साली हयात नव्हते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या अभिलेखागाराने भरवलेल्या प्रदर्शनाची कालची बातमी वाचली. बेने इस्राएल (कोकणातले यहुदी), कोकणी मुसलमान, पारशी अशा सगळ्यांचे कागद रुमालातून, म्हणजे दप्तराच्या कापडी गाठोड्यातून, सुटून लोकांपुढे आले, याबद्दल आयोजकांचे अभिनंदन. अभिनंदन इथेच संपते.

तांदळाची जकात माफ करणाऱ्या मोडी कागदाचे आपण तोंड भरून कौतुक केले आहे. त्याखालची पाटीही वाचायला हवी होती. ‘इ. स. १७९०. नाना फडणवीसांच्या कारभारातील धार्मिक सलोखा व व्यापारी भरभराट.’ कागदावर सन-तारीख स्वच्छ आहे: ‘छ १५ जिल्काद, सुहूर सन अर्बा मयातैन व अलफ’. अर्बा म्हणजे चार, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले १२०४. इथवर पाटीवाल्यांचे गणित बरोबर आहे. पुढे जिल्काद हा मुसलमानी महिना दिसताच त्यांनी सनही हिजरी धरला आणि कागद जुलै १७९० मध्ये नेऊन ठेवला.

पेशवाईतल्या कागदात महिना आणि चंद्र (‘छ’, म्हणजे महिन्यातली तारीख) मुसलमानी असतो, सुहूर सन मात्र मृगाला बदलणारा, सौर. नवखा माणूस नेमका इथे घसरतो. सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हा १२०४ सन जून १८०३ ते जून १८०४ असा चालला. त्या अवधीत पडणारा जिल्काद हिजरी १२१८ चा, आणि कागद फेब्रुवारी १८०४ च्या अखेरचा. नाना १३ मार्च १८०० रोजी वारले. चार वर्षांनी त्यांनी कोणती जकात माफ केली, हे आयोजकांनी सांगावे.

साडेतेरा वर्षांनी काय एवढे बिघडले, असे कोणी विचारील. कागदाचा अर्थच बिघडला. १८०३-०४ साली दख्खनेत भयंकर दुष्काळ होता. त्याआधी होळकरांच्या स्वारीने मुलूख उजाड झालेला. बैलांवर तांदूळ लादून घाट चढणाऱ्या कोकणी मुसलमान व्यापाऱ्याला चौकीवर अडवू नका, हा हुकूम सलोख्यापोटी निघालेला नाही, पोटापायी निघाला आहे. उपासमारीत धान्य आणणारा माणूस म्हणून त्याचे नाव यायला हवे होते. पाटीने त्याला सलोख्याचा नमुना करून कोपऱ्यात उभा केला.

शेजारच्या पारशी दालनात तर कमालच आहे. ताडीच्या मक्त्याच्या कबुलायतीवर (मक्तेदाराने लिहून दिलेल्या करारावर) ‘फसली १२६०’ आहे. मक्तेदार पारशी, म्हणून ‘पारशी फसली पंचांगानुसार, इ. स. १८९०’! अहो, हा महसुली फसली सन. त्यात ५९० मिळवले की १८५०-५१ येते. ६३० मिळवतात ते पारशांच्या जुन्या यज्दगर्दी सनात, तेही नवरोजपासून डिसेंबरपर्यंतच, जानेवारीपासून ६३१. पारशांचे २१ मार्चला सुरू होणारे फसली पंचांग विसाव्या शतकातल्या सुधारणेचे, त्याचा एकोणिसाव्या शतकातल्या मक्त्याशी काय संबंध? चाळीस वर्षे सरळ वाहून गेली.

मोडकांची जंत्री, म्हणजे निरनिराळ्या सनांच्या तारखा जुळवून देणारी कोष्टके, उघडून दहा मिनिटांत हे तपासता येते. पाटीवर आधी कागदावरचा सन जसाच्या तसा द्यावा, मग इसवी सन, मग रुमालाचा क्रमांक आणि वाचन कोणी केले ते. म्हणजे चूक झाली तरी बघणाऱ्याला पकडता येते. शिवाय ज्या समाजाचा कागद, त्यांतल्या एका जाणत्याला पाट्यांचा कच्चा मसुदा छपाईआधी दाखवावा. बेने इस्राएलांच्या दालनात ‘शनवार तेली’ या नावाखाली नुसते ‘तेल विकणारी जात’ असे लिहिले आहे; शनिवारी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद, म्हणून शनवार तेली, हे कुठल्याही पेणकर-रोहेकरांच्या घरी विचारले असते तर चहासकट समजले असते.

आणखी एक. कागद मूळ आहेत आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगले आहेत. कागदाला ५० लक्सहून (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड नको, दोन-तीन महिन्यांनी तो उतरवून अंधारात ठेवावा. मोडी कागदांची काजळीची शाई उन्हाला दाद देत नाही, तिला पाण्याची भीती. पण पारशी दालनातली जांभळी अ‍ॅनिलिन (कृत्रिम रंगाची) शाई उजेडात अक्षरशः उडून जाते. खिडकीकडची ओळ आताच फिकी पडली आहे. चांगली प्रतिकृती लावून खाली तसे लिहिले, तर कोणी तिकिटाचे पैसे परत मागणार नाही. प्रदर्शन फुकटच आहे.

जाता जाता आपल्याबद्दल. बातमीत दोनदा ‘मोडी भाषेतील कागद’ आले आहे. मोडी ही लिपी आहे, भाषा मराठीच. आणि पान तीनवरचा केतुबा (यहुदी लग्नाचा करारपत्र) आरशातल्यासारखा छापला गेला आहे. हिब्रू ओळ उजव्या समासाला सरळ सुरू होते. आपल्या छायाचित्रात ती डावीकडे सरळ आहे.

आपला,
एक मोडी वाचक