यंदा गणपतीला येण्याविषयी

ता. दापोली, जि. रत्नागिरी
गुरुवार, ६ ऑगस्ट २०२०

चि. बाबू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा आजी माझ्या शेजारीच बसली होती आणि तुझी आई स्वयंपाकघराच्या दारातून "कधी निघतायत ते विचारा" अशा खुणा करीत होती, त्यामुळे कोरोनाच्या या साथीत यंदा गणपतीला येऊ नका, हे जे मला सांगायचे होते ते सांगता आले नाही. "बघू, कळवतो" एवढे म्हणून मी फोन ठेवला, आणि त्या तुटक उत्तराने तू दुखावला असशील हे मला कळते. काल दिवसभर पावसाने आणि वाऱ्याने रेंज नव्हती. मुंबईतही कुलाब्याकडे वादळासारखा वारा सुटला होता असे आज बातम्यांत ऐकले, तेव्हा आधी तुमची खुशाली कळवावी. हे पत्र पोस्टात टाकले तर ते पोहोचेपर्यंत तुझी गाडी सुटून जाईल, म्हणून शेजारच्या मुलाला सांगून कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवीत आहे. अक्षर लागले नाही तर मोठे करून वाच.

तुझा हिशेब मला समजला. सरकारने मंगळवारी जाहीर केल्याप्रमाणे एसटीने येणाऱ्याला जिल्हा ओलांडायचा ई-पास लागणार नाही, एका गाडीत २२ च प्रवासी बसतील, १२ तारखेच्या आत गावी पोहोचायचे आणि दहा दिवस घरात वेगळे राहायचे. म्हणजे तू ११ ला निघालास तर २१ ला मोकळा होतोस आणि २२ ला चतुर्थी. कागदावर हे गणित बिनचूक आहे आणि माझ्या वर्गातल्या मुलाने फळ्यावर असे मांडले असते तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. मात्र सरकारचा नियम तुम्हाला येण्याची मुभा देतो. यावे की येऊ नये याचा निकाल तो देत नाही, कारण सरकारला आपल्या घराचा नकाशा ठाऊक नाही. तो तुला ठाऊक आहे, पण जूनपूर्वीचा.

माळ्यावरची जी खोली तुझ्या डोक्यात आहे ती आता खोली राहिलेली नाही. ३ जूनच्या निसर्ग वादळात त्या बाजूची कौले गेली, दोन वासे मोडले आणि परसातला जुना फणस न्हाणीघराच्या पत्र्यावर आडवा झाला, एवढे मी तुला तेव्हा कळवले होते. त्यानंतर काय झाले ते कळवले नाही. कौले मिळत नाहीत, कारण श्रीवर्धनपासून हर्णैपर्यंत सगळ्यांनाच ती एकाच वेळी हवी आहेत. सुतार मिळतो तेव्हा पाऊस असतो आणि पाऊस उघडतो तेव्हा सुतार दुसऱ्याच्या घरावर चढलेला असतो. माळ्यावर निळी ताडपत्री ताणून बांधली आहे आणि तिच्याखाली दोन घमेली व एक पातेले ठेवलेले असते. रात्री उठून ती ओतायचे काम माझ्याकडे आहे. तुम्ही चौघे आलात तर वेगळे राहायला जागा उरते ती माजघराची, आणि माजघरात देवघराला लागून आजीची खाट आहे. तिला ८६ वे वर्ष आहे आणि श्रावणात तिचा दमा कसा उठतो हे तुला मी सांगायला नको. संडास एक, न्हाणीघर एक, चूल एक. अशा घरात दहा दिवसांचे विलगीकरण म्हणजे दारावर नुसती चिठ्ठी चिकटवणे होईल.

शाळेत राहू, असेही तू म्हणालास. ती शाळा मी मे महिन्यात पाहिली आहे. ग्राम कृती दलात, म्हणजे साथीसाठी नेमलेल्या गावाच्या समितीत, मला वडीलधारा म्हणून घेतले होते आणि मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाला चौदा दिवस शाळेत ठेवण्याचा निर्णय आम्ही घेतला. नवरा-बायको, एक शाळकरी मुलगी आणि एक तान्हे मूल होते. ज्या वर्गात मी वर्षानुवर्षे शिकवले, त्याच वर्गात बाके एका बाजूला रचून त्यांनी अंथरुणे घातली होती. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच राहिलेली होती. त्यांच्या सख्ख्या भावकीतला माणूस जेवणाचा डबा फाटकाबाहेरच्या दगडावर ठेवायचा आणि हाक मारून मागे वळायचा. पाचव्या दिवशी ती मुलगी मला म्हणाली, "गुरुजी, आम्ही काय केलं?" मला उत्तर सुचले नाही. निर्णय चुकीचा नव्हता असे आजही वाटते, परंतु ज्या रीतीने तो अमलात आला त्याची मला लाज वाटते. गावाच्या वेशीवर लागलेल्या पाट्यांची तर त्याहून अधिक. ज्यांच्या मनीऑर्डरीवर पिढ्यानुपिढ्या ही घरे उभी राहिली, त्या चाकरमान्यांना आपण वेशीवर अडवले. तेव्हा मी तुला येऊ नको म्हणतो त्याचा अर्थ गावाने तेव्हा जो लावला तो नव्हे, हे आधी ध्यानात घे.

प्रवासाविषयीही थोडे लिहितो. तू म्हणतोस की २२ माणसांत अंतर राहते आणि तोंडाला मास्क असतो. ते खरे आहे, आणि मोकळ्या हवेचा एसटीइतका प्रवास दुसरा नाही, एरवी. पण श्रावणात पोलादपूर सोडून कशेडी घाट चढताना एसटीच्या काचा कोण उघड्या ठेवतो? त्या बंद असतात, त्यांच्यावर आतून वाफ धरलेली असते आणि आठ-नऊ तास तीच हवा सगळ्यांच्या वाट्याला येते. वाटेत गाडी चहाला थांबणार, मुले लघवीला उतरणार, धाकटी प्रत्येक दांडीला हात लावणार. तरीही सांगतो, केवळ प्रवासाचीच भीती असती तर मी इतके लिहिले नसते.

भीती आहे ती या रोगाच्या लबाडीची. ताप आलेला माणूस आपण होऊन बाजूला होतो. याची लागण झालेल्या अनेकांना काहीच होत नाही आणि ते हिंडत राहतात. गेल्या आठवड्यात मुंबई महापालिकेने आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मिळून केलेल्या पाहणीचे आकडे आले, ते तूच मला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलेस: माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन विभागांत सुमारे सात हजार नमुने तपासले, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे रोग होऊन गेल्याची खूण, सापडली. तू त्यातून एवढेच घेतलेस की रोग वाटतो तितका मारक नाही. मी त्यातून असे घेतले की ज्यांना आपल्याला हा रोग होऊन गेला हे कळलेसुद्धा नाही, अशी लाखो माणसे तुझ्या शहरात आहेत, आणि तुमच्या चौघांपैकी एखाद्याला तशीच नकळत लागण आत्ता या घडीला झालेली असू शकते. तुझ्या वयाला ते पेलेल. आजीला पेलणार नाही.

१२ तारखेनंतर येणाऱ्याने आधी तपासणी करून घ्यावी असा नियम आहे, तेव्हा सरळ तपासणी करूनच येतो असे तुझ्या मनात येईल. खाजगी प्रयोगशाळेत माणशी २,२०० रुपये, घरी येऊन नमुना नेला तर २,८००. चौघांचे किती ते तू काढ. पण पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात आणि कधी कधी चौदाही. रविवारी लागण झाली आणि सोमवारी नमुना दिला, तर अहवाल 'नाही' असाच येणार. तो अहवाल खिशात घेऊन माणूस निर्धास्तपणे आजीच्या पाया पडतो, हा त्यातला खरा धोका.

आणि पडलेच कोणी आजारी, तर पुढे काय? दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयातली मंडळी जिवापाड काम करीत आहेत, पण माणूस अत्यवस्थ झाला की रत्नागिरी गाठावी लागते आणि ती इथून शंभर किलोमीटरहून लांब आहे. भर पावसात, रात्री, वादळाने उखडलेल्या रस्त्यावरून. मे महिन्यात तर नमुनेसुद्धा मिरजेला जात आणि अहवाल येईपर्यंत माणसे श्वास रोखून बसत.

आजीच्या सासूबाई मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीची आठवण सांगत. १९१८ साली तो ताप मुंबईत उतरला आणि मग, त्यांच्या शब्दांत, "आगबोटीतून हर्णैला आला." कोणी मुद्दाम आणला नव्हता. घाबरलेली, दमलेली माणसे आपल्या घराकडे निघाली होती, जशी ती नेहमीच निघतात. आपल्या घरातून तेव्हा तीन माणसे गेली.

आता सणाविषयी. आपला गणपती म्हणजे मखर आणि मोदक एवढाच असता तर प्रश्न सोपा होता. तू येतोस ते आरत्यांसाठी, हे मला माहीत आहे. वाडीतल्या प्रत्येक घरी जायचे, वीस-पंचवीस जणांनी एका ओटीवर खांद्याला खांदा लावून बसायचे, मृदंग तापला की आवाज चढवायचा आणि "घालीन लोटांगण"ला सगळ्यांनी घामाघूम होऊन फिरायचे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनमंडळाची १० मार्चला अडीच तास तालीम झाली; ६१ जण आले होते, त्यांपैकी ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपली ओटीच आली. यंदा वाडीने ठरवले आहे की ज्याने त्याने आपापल्या घरी आरती करायची, जाखडीचे नाच होणार नाहीत आणि विसर्जनाला घरटी दोघेच नदीवर जातील. म्हणजे ज्यासाठी तू दहा दिवस कोंडून घेणार, ते दाराबाहेर नसणारच.

परंपरा मोडते असे तुझ्या काकाचे म्हणणे आहे. त्याला मी एवढेच विचारले की आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या, त्या पोहोचल्या की नाही? तो गप्प बसला. पटले म्हणून नव्हे, माझ्याशी वाद घालायचा कंटाळा आला म्हणून.

माझ्या मनात असे आहे की पाच दिवसांसाठी धावत येऊन धावत परत जाण्यापेक्षा तुम्ही नवरात्रानंतर या, आणि आलात की महिनाभर राहा. तोवर पाऊस गेलेला असेल, गाडीच्या काचा उघड्या ठेवता येतील, माळ्यावर कौले चढलेली असतील आणि वरच्या खोलीत तुम्हाला खरोखर चौदा दिवस वेगळे राहता येईल. तुझे काम सध्या घरूनच चालते. रेंज विहिरीच्या कठड्यावर बरी येते, तिथे टेबल मांडून देतो. एका प्रवासाची जोखीम घ्यायचीच तर तिच्या बदल्यात मुलांना आजीजवळ महिना तरी मिळावा. येताना एखाद्याची गाडी भाड्याने मिळाली तर उत्तम, पण ते पुढचे पुढे पाहू. माझ्या मदतीला कोणी नाही म्हणून यायलाच हवे, हा मुद्दा मात्र काढू नकोस. तुझ्या येण्याने मला मदत झाली असती हे खरे आहे आणि ताडपत्रीखाली रात्री घमेले ओतताना तुझी आठवण होते, हेही खरे आहे.

बाकी तयारी चालू आहे. पाट आषाढातच गणपतीच्या कारखान्यात नेऊन दिला. मूर्ती नेहमीपेक्षा लहान सांगितली आहे, कारण यंदा ती डोक्यावरून मला एकट्याला आणायची आहे. घरगुती मूर्ती दोन फुटांच्या आत असावी असा नियम आहे, त्यामुळे माझ्या गुडघ्यांची लाज झाकली गेली. गणपतीवरच्या मंडपीला बांधायला कवंडळे आणि कांगण्या ही रानफळे शेजारचा मुलगा आणून देतो म्हणाला आहे. २५ ला गौरी येतात. तुझ्या आईने सूनबाईचे गौरीपूजेचे सूप माळ्यावरून काढून पुसून ठेवले होते, ते मी काल परत फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगितले, तेव्हा ती काही बोलली नाही. तिच्याशी तूच बोल. गणपती दरवर्षीप्रमाणे गौरींबरोबर पाठवायचा की यंदा दीड दिवसाचा करायचा, याविषयी तुझे मत हवे आहे, कारण पुढे हे सारे तुलाच चालवायचे आहे.

आरक्षण रद्द केलेस की संध्याकाळी साताच्या सुमारास फोन कर, त्या वेळी मी विहिरीपाशी असतो. आजी रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरातला ११ तारखेचा चौकोन बोटाने दाखवून किती दिवस राहिले ते विचारते. तिला मी अजून काही सांगितलेले नाही.

तुझे,
अण्णा