काकांच्या महाधमनीबद्दल

प्रिय मित्रा,

काल फोन ठेवला, पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. छाती उघडायची की जांघेतून नळी सरकवायची? घाईत दिलेलं उत्तर मलाच अपुरं वाटलं. दोन्ही शस्त्रक्रियांत मी वर्षानुवर्षं भूल देत पेशंटच्या उशाशी उभा राहिलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

काकांचा फुगा (महाधमनीची भिंत फुगून झालेला) उतरत्या महाधमनीत, म्हणजे छातीतून खाली जाणाऱ्या भागात आहे, साडेसहा सेंटिमीटरचा. निरोगी माणसात तिथली रुंदी अडीचच्या आसपास असते. साडेपाच ओलांडली की सहसा दुरुस्तीचा विचार करतात. त्यामुळे ‘थोडं थांबून बघू’ हे मला पटत नाही.

उघड्या शस्त्रक्रियेत डाव्या फासळ्यांमधून आत शिरतात, डावं फुप्फुस मिटवून ठेवतात, फुग्याच्या वर-खाली चिमटे लावतात आणि फुगलेला भाग काढून डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी शिवतात. तोवर खालच्या अवयवांना यंत्र रक्त पुरवतं. १९५०च्या दशकात अमेरिकन सर्जन मायकेल डिबेकी यांनी अशा नळ्या घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या! हे काम पक्कं असतं. शिवलेल्या भागाची चिंता पुढे सहसा राहत नाही. पण शरीराला तो मार सोसावा लागतो, आणि पंचाहत्तरीतल्या काकांची फुप्फुसं सिगारेटने आधीच थकलेली आहेत.

दुसऱ्या पद्धतीत घडी घातलेला स्टेंट ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी) जांघेतल्या धमनीतून वर नेऊन फुग्याच्या आत उघडतात. युक्रेनमधल्या खार्किवमध्ये सर्जन निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत हे करून दाखवलं. फुगा जागेवरच राहतो, फक्त रक्ताचा दाब त्याच्या भिंतीवर पडेनासा होतो. माणूस काही दिवसांत घरी जातो. मात्र नळी घट्ट बसायला दोन्ही टोकांना साधारण दोन सेंटिमीटर निरोगी भिंत लागते. टोकाशी फट राहिली तर रक्त पुन्हा फुग्यात झिरपतं. ही गळती वर्षांनंतरही होऊ शकते, म्हणून सीटी स्कॅन जन्मभर. सुरुवातीला मिळालेला फायदा पुढच्या वर्षांत ओसरतो, हे विसरू नकोस.

एक गोष्ट काल मी टाळली. पाय लुळे पडण्याचा धोका दोन्हींत आहे, कारण मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या महाधमनीच्या याच भागातून निघतात. स्टेंट घातलेले माझे एक पेशंट शुद्धीवर आले तेव्हा पाय छान हलवत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाय उचलेनात. आम्ही रक्तदाब वाढवला, मज्जारज्जूवरचा दाब कमी व्हावा म्हणून कण्यात घातलेल्या नळीतून त्याच्याभोवतीचं पाणी काढलं, आणि दुपारपर्यंत अंगठा हलला. तो अंगठा मी अजून विसरलेलो नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री काकांच्या उशाशी कोण असेल, हे जरूर विचार.

काका चाळिशीतले असते, किंवा मार्फानसारखा जन्मजात ऊतींचा दोष असता, तर मी उघडी शस्त्रक्रियाच सांगितली असती. आज, फुग्याच्या वर निरोगी भिंत पुरेशी असेल तर, मी स्टेंटच्या बाजूने आहे. डाव्या हाताच्या धमनीचं तोंड झाकलं जाणार असेल तर आधी बायपास करणार का, हेही सर्जनना विचार.

नुसता रिपोर्ट नको, सीटीची डिस्क पाठव. फुग्याची वरची मान, म्हणजे ती निरोगी भिंत, मला स्वतः मोजून पाहायचीय. तोवर काकांना रक्तदाबाची गोळी चुकवू देऊ नकोस, आणि काकूंना सांग, उद्या रात्री मी फोन करतो.

तुझाच,
मित्र