टायमर काका, हे आभार बसूनच ऐका

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

आभार प्रदर्शनाबद्दल तुमचं मत मला पाठ आहे. पाहुणे अर्धे उठलेत, चहाचा वास सुटलाय, खुर्च्या सरकतायत आणि एक बिचारा माईकवर मंडपवाल्याचं नाव आठवतोय. ज्याला कार्यक्रमात दुसरीकडे कुठे बसवता येत नाही त्याला आभाराला उभं करतात, असं तुम्ही म्हणायचा. म्हणून मी उभी राहत नाही, बसून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण चार माणसांत नाव विचारलं तरी घसा कोरडा पडणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तुमचं नाव घालत नाही. आपल्या भाषणाच्या क्लबात तरी ते कोण घेतं? सगळ्यांचे तुम्ही टायमर काकाच.

माझं भाषणाशी वैर जुनं. चौथीत होते. १ ऑगस्ट, टिळक पुण्यतिथी. ‘अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ इथपर्यंत गाडी सुसाट. मग वर्गात शेंगांची टरफलं पडली, गुरुजी आत आले, आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. टरफलं तशीच पडून राहिली. टिळकांनी ती उचलली नाहीत आणि मीही नाही. त्या दिवशी खाली बसले ती पुढची वीस-बावीस वर्षं उठलेच नाही.

नोकरीही तशीच शोधली, माती तपासायची. माती प्रश्न विचारत नाही. सामू (म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, या सगळ्यांशी माझं उत्तम जमायचं. पण ५ डिसेंबर २०२२ ला, जागतिक मृदा दिनाला, एका गावच्या कार्यक्रमात आमचे साहेब वाटेत अडकले आणि माईक माझ्या हातात आला. मी पत्रक वाचून दाखवलं. नमुना काढताना व्ही आकाराचा खड्डा घ्या, बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, शेणखताच्या ढिगाजवळची नको. एक अक्षर चुकलं नाही. फक्त कागद इतका थरथरत होता की त्याची फडफड स्पीकरमधून मागच्या रांगेपर्यंत पोचत होती. वाचून झालं तेव्हा एक आजोबा आपला रिपोर्ट हातात धरून उठले. म्हणाले, ‘बाई, ते खड्ड्याचं कळलं. आता मी युरिया किती टाकू?’

उत्तर मला येत होतं. रिपोर्ट मीच केलेला होता! आणि मी म्हणाले, ‘साहेब आले की सांगतील.’ आजोबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली बसले. त्या रात्री झोप लागली नाही. भाषण फसल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की माहीत असलेली गोष्ट मी विचारणाऱ्याला दिली नाही.

क्लबात मला मैत्रीण घेऊन आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी तो सगळा प्रकार मला अंमळ नाटकी वाटला होता, हे मात्र तुम्हाला सांगितलं नव्हतं. कुणी उठलं की टाळ्या, बसलं की टाळ्या. मंच दुसऱ्याच्या हवाली करताना हस्तांदोलन. एक जण वेळ मोजणार, एक जण व्याकरण बघणार, आणि एक जण तर फक्त तुम्ही किती वेळा अडखळून ‘अं’ म्हणालात तेवढंच टिपणार. माझ्या नावावर पहिल्याच दिवशी दीड मिनिटात अकरा ‘म्हणजे’ आणि चार ‘ॲक्चुअली’ लागले होते. चहाच्या वेळी मी कुणाला तरी विचारलं, हे कुठून आलं सगळं? तर म्हणे १९२४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी, राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी वायएमसीएच्या इमारतीत टोस्टमास्टर्स नावाचा भाषणाचा क्लब सुरू केला, तिथून. त्यावर कोपऱ्यातून तुमचा आवाज आला: ‘आमच्या रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ ला. अमेरिकेची गाडी एकोणपन्नास वर्षं लेट.’ मी हसले, आणि बहुधा त्या हसण्यामुळेच पुढच्या रविवारी परत आले.

तुम्ही एसटीत वाहतूक नियंत्रक होता हे मला महिनाभराने कळलं. तोवर वाटायचं, निवृत्त शिक्षक असावेत. उभी हयात स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे गाड्यांच्या घोषणा करत काढलेला माणूस भाषण शिकायला कशाला येईल? विचारलं तर म्हणालात, ‘चौतीस वर्षं बोललो, पण समोर तोंड कधी दिसलं नाही कुणाचं. ते बघायला आलो.’

माझं पहिलं भाषण, आइस ब्रेकर. स्वतःची ओळख, चार ते सहा मिनिटं. चारला हिरवं कार्ड, पाचला पिवळं, सहाला लाल. मी पंधरा दिवस पाठ केलं होतं. हिरव्या कार्डाचं दर्शनसुद्धा झालं नाही. तुम्ही टायमरचा अहवाल वाचलात, ‘दुसऱ्या वक्त्या, दोन मिनिटं दहा सेकंद,’ तोही अगदी कोरड्या आवाजात, आणि मला जमीन दुभंगावीशी वाटली. बाकीच्यांनी गोड बोलून घेतलं. (ही क्लबातली पद्धत अजूनही मला थोडी खटकते. आधी कौतुक, मध्ये सूचना, परत कौतुक. सूचना कोणती होती ते घरी जाईपर्यंत विरघळून जातं.) तुम्ही मात्र जिन्यात गाठलंत. ‘पोरी, गाडी वेळेआधी सुटली. प्रवासी स्टँडवरच राहिले. पाठ केलं होतंस ना? पाठ केलेलं माणूस संपवायला बघतो.’

आणि मग म्हणालात, येत्या शनिवारी स्टँडवर जाऊन अर्धा तास बाकावर बस. मोबाईल पिशवीत. घोषणा होते तेव्हा लोकांकडे बघ. एवढंच.

मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. माफ करा, पण तसंच वाटलं होतं. तरी गेले. घोषणा होत होत्या आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. भेळ खाणारे खात होते, पोरं रडत होती, एक बाई पिशवीतून टॉवेल शोधत होती. मग आतून एका गावाचं नाव आलं आणि तिची मान झटकन वर झाली. तिचीच, आणि तिच्यामागे बसलेल्या दोघांची. बाकीचे भेळच खात राहिले. दुसरं नाव आलं, दुसऱ्या माना वर. अर्धा तास मी हेच बघत बसले. सोमवारी फोन केला तर तुम्ही विचारलंत, ‘त्या घोषणा करणाऱ्याचा आवाज कसा होता?’ मला आठवेचना. तुम्ही फोनवरच खदखदून हसलात. ‘मग? तुझ्या आवाजाकडे कोण बघायला बसलंय? त्यांना त्यांची गाडी हवी. गावाचं नाव आधी घे.’

काका, कितीतरी ठिकाणी मी वाचलं होतं की आत्मविश्वास वाढवा, आरशासमोर बोला, खोल श्वास घ्या. आरशासमोर मला फक्त मीच दिसायचे आणि तोच तर त्रास होता. त्या बाकावर मी पहिल्यांदा ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसले.

दुसरी गोष्ट ‘ण’ ची. ही लिहू की नको असं वाटत होतं, पण पत्र उघड आहे तर असू दे. आमच्याकडे माणदेशात पाण्याला पानीच म्हणतात. पुण्यात आल्यापासून मी वाक्य बोलायच्या आधी त्यात ‘ण’ कुठे येतोय हे मोजायची. ‘आणि’ टाळून ‘तसंच’ म्हणायची. माझे ते अकरा ‘म्हणजे’ निम्मे तरी याच भीतीचे होते, पुढच्या शब्दाची तयारी करायला वेळ काढायचे. आणि ‘म्हणजे’ मध्ये पुन्हा ‘ण’ आहेच! हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, ‘गाडी उशिरा आली म्हणून मी शिव्या खाल्ल्या. गाडी रद्द झाली म्हणून कॉलर धरली लोकांनी. पण न आणि ण साठी चौतीस वर्षांत एकजण खिडकीशी आला नाही.’ मी तुमच्याकडे नीट लक्ष देऊन ऐकलं. तुम्हीही पानीच म्हणत होता. दोन महिने मला ते ऐकूच आलं नव्हतं.

बाकी लहानसहान पुष्कळ आहे. हात थरथरतात ते थांबवायच्या मागे लागू नकोस, कागद बदल, असं म्हणून तुम्ही लग्नपत्रिका कापून पाठकोरी कार्डं करून दिलीत. जाड असतात, फडफडत नाहीत. एका कार्डावर चारच शब्द, वाक्य लिहायचं नाही. माझ्या पहिल्या कार्डाच्या मागे कुणाच्या तरी चि. सौ. कां. चा अर्धा गणपती होता. एका वेळी एकच चूक सांगायची ही तुमची शिस्त. तीन महिने फक्त वाक्याच्या शेवटी आवाज खाली जातो एवढंच सांगत राहिलात, दुसरं काही नाही. ‘फलाटाचा आकडा शेवटी येतो. तोच गिळलास तर लोक धावणार कुठे?’ आणि एका संध्याकाळी आम्हा तिघींना वसंत व्याख्यानमालेला नेऊन मुद्दाम कडेच्या खुर्च्यांवर बसवलंत. वक्ते कुठले होते, विषय काय होता, हे आज सांगता येणार नाही. श्रोते कधी घड्याळ बघतात, कधी पुढे झुकतात, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तुम्ही मुलाकडे नाशिकला गेलात त्यानंतरची गोष्ट आहे, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात पुरंदर तालुक्यातल्या एका गावात बैठक होती. मंदिराचा सभामंडप, साठ-सत्तर माणसं, निम्मी मागे खांबाला टेकलेली. या वेळी साहेब हजर होते, आणि तरी म्हणाले, तुम्हीच बोला. मी कार्ड काढलं. पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू. पण मी नमस्कार-चमत्कार उरकून पहिलंच विचारलं, ‘ओढ्याकडंची रानं कुणाकुणाची हायत?’ मागच्या खांबापाशी चार माना वर झाल्या. ‘आणि माळावरची?’ आणखी दहा-बारा.

मग मी रिपोर्ट उलगडला. आमच्या रिपोर्टात सगळं हेक्टरी किलोत असतं, आणि शेतकरी मोजतो एकरात आणि पोत्यात. इतकी वर्षं ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मी कधी तिकडून बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, समजा तुमच्या पिकाला हेक्टरी शंभर किलो नत्र सांगितलंय. हेक्टरचे अडीच एकर, म्हणजे एकराला चाळीस. युरियाचं पोतं ४५ किलोचं, पण त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे पोत्यामागे साधारण २१ किलो. मग एकराला किती पोती? कुणीतरी ओरडलं, ‘दोन! तीबी पुरती न्हाईत!’ बरोबर, म्हटलं, आणि तीही एकदम नाही, हप्त्यानं. मग लोकांनी आपापले कागद काढले. सेंद्रिय कर्ब ०.५ च्या खाली आलाय तर काय करू, सामू साडेआठ म्हणजे चांगला का वाईट, असं सुरू झालं.

एवढ्यात वीज गेली. माईक बंद. तुम्ही सांगायचा तसं झालं, स्टँडवर लाईट गेली की खिडकीतून बाहेर येऊन हाळी द्यायची. मी दोन पावलं पुढे गेले आणि बोलत राहिले. वाक्याचा शेवट गिळला नाही. मध्येच थांबून विचारलं, ‘मागं ऐकू येतंय का?’ खांबाकडून आवाज आला, ‘येतंय, येतंय, तुम्ही पोत्याचं सांगा!’

घड्याळ लावलं नव्हतं, पण नंतर साहेब म्हणाले चाळीस मिनिटं झाली. पानी किती वेळा म्हणाले ते मोजायला कुणी नव्हतं.

परतताना गाडीत मला त्या पहिल्या आजोबांची आठवण झाली. त्यांचं गाव मला माहीत आहे, नाव विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या बाजूला जायचं आहे. रजिस्टरात त्या गावचे त्या वर्षीचे रिपोर्ट असतील, सगळे काढून सोबत नेणार आहे.

तुमचे गुडघे कसे आहेत? सूनबाईंनी सांगितलं की तुम्ही सोसायटीच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून गप्पा मारता. म्हणजे तिथेही फलाट चालू आहे तर. क्लबात सध्या टायमरचं काम माझ्याकडे आलंय. कार्डं तुमचीच वापरते. हिरवं आणि पिवळं ठीक आहे, पण लाल कार्डाचा कोपरा फाटलाय आणि चिकटपट्टीही आता धरत नाही. नवीन करून घेऊ, की तुम्ही करून पाठवाल, ते कळवा. रविवारच्या आत.

तुमची,
दोन मिनिटं दहा सेकंद