खंड सरकले हे सांगू नका, ते कसे कळले ते शिकवा

मा. शालेय शिक्षणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

भूगोलाची पाठ्यपुस्तके नव्याने लिहिली जातील तेव्हा भूखंडवहनाच्या, म्हणजे खंड सरकण्याच्या, प्रकरणाकडे आपण जातीने लक्ष द्यावे, यासाठी हे खुले पत्र.

हा सिद्धांत वर्गात सहसा तीन-चार ओळींत उरकतो. पॅन्जिया नावाचे एकच महाखंड होते, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी ते फुटू लागले, जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये हा विचार मांडला. यात चूक काहीच नाही. पण त्यांचे म्हणणे का पटावे, आणि त्या काळच्या बहुतेक भूवैज्ञानिकांना ते का पटले नाही, हे दोन्ही प्रश्न गाळले की मुलांच्या हाती फक्त पाठांतर उरते.

पुरावे किती बोलके आहेत पाहा. मेसोसॉरस हा उथळ पाण्यातला लहानसा सरपटणारा प्राणी. अटलांटिक पोहून जाणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. तरी त्याचे जीवाश्म ब्राझीलमध्येही सापडतात आणि दक्षिण आफ्रिकेतही. ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पाने भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकाच्या खडकांत उमटली आहेत. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी १९१२ मध्ये मरण पावले. उपासमारीतही त्यांनी सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नव्हते, आणि त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसचे ठसे होते! ही हकिगत ऐकलेले मूल त्या वनस्पतीचे नाव विसरेल का?

आता विरोधाकडे वळू, कारण माझ्या मते खरे शिक्षण इथेच आहे. खंड कोणत्या बलाने सरकतात, याला वेगेनर यांच्याकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते. पृथ्वीचे परिवलन आणि भरती-ओहोटीची बले त्यांनी सुचवली. ती फारच तोकडी पडतात, हे ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी दाखवून दिले. हा आक्षेप रास्तच होता. ग्रीनलंडच्या सरकण्याचा वेगही वेगेनर यांनी अवाच्या सवा धरला होता. म्हणजे मूळ कल्पना बरोबर, कारण आणि आकडे चुकलेले. विज्ञानात असेही घडते, हे मुलांना कोणी सांगतच नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेतच त्यांचा अंत झाला, तेव्हाही वाद मिटलेला नव्हता.

पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातील, म्हणजे प्रावरणातील, अभिसरण प्रवाह (तापून वर येणारे आणि थंड होऊन खाली जाणारे) खंडांना सरकवतात, ही कल्पना भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी मांडली, पण तिलाही मान्यतेसाठी थांबावे लागले. मेरी थार्प यांनी १९५०च्या दशकात अटलांटिकच्या तळाचे नकाशे रेखाटले आणि मधल्या पर्वतरांगेतली खचदरी, म्हणजे तळ ताणून फाटल्याची खूण, ओळखली. सहकाऱ्यांनी आधी ती मानलीच नाही. पुढे १९६३ मध्ये सागरतळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांचा उलगडा झाला, त्या रांगेपाशी नवा तळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो हे दिसले आणि चित्र पालटले. आज खंडांची चाल उपग्रहांच्या साहाय्याने मोजता येते : वर्षाला काही सेंटिमीटर.

माझी मागणी साधी आहे. प्रकरणात आधी पुरावे यावेत, सिद्धांताचे नाव नंतर. ‘वेगेनर यांना विरोध का झाला?’ असा प्रश्न परीक्षेत असावा, आणि त्याला स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या उत्तराला पूर्ण गुण मिळावेत. कापून जुळवण्यासाठी जो नकाशा द्याल त्यावर समुद्रबूड जमिनीची कडही छापा. किनारे जुळवताना फटी राहतात आणि मुलांना वाटते, सिद्धांतच खोटा. एडवर्ड बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये सुमारे ९०० मीटर खोलीवरच्या कडा जुळवल्या, तेव्हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका कितीतरी नेटक्या बसल्या. ते मुलांना स्वतःच्या हातांनी करून पाहू द्या.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक