सिस्टर काकू, ती टीम निवडून दिलीत त्याबद्दल

सिस्टर काकू,

तुमचं नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही म्हणून लिहीत नाही. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीत सिस्टर काकू कुठे राहतात विचारलं की शेंबडं पोरसुद्धा तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवतं, तेवढी ओळख पुरे. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हो हो, चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता. आणि माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या तेराव्यानंतर इतक्या जणांनी मला फोन करून विचारलं की त्यांना शेवटी घरी येऊन सांभाळणारी ती डॉक्टर-नर्सची टीम शोधलीत कशी, चांगली आहे हे आधीच कसं कळलं, की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. आभार तुमचे, पण वाचू देत सगळ्यांना.

अप्पांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेला होता. डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते, पण शेवटी वाक्य तेच, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा करायची म्हणजे रात्री तीनला माणूस कण्हायला लागला की कुणाला फोन करायचा, कुठली गोळी किती द्यायची, तो खात नाही तर नळी घालायची की नाही, यातलं काहीही त्या डिस्चार्ज कार्डावर नव्हतं. दादाने रात्रभर मोबाइलवर शोधून अशी सेवा देणाऱ्यांची तीन नावं काढली, सगळ्यांना चारच्या वर स्टार. तुम्ही चष्मा वर करून ती यादी बघितलीत आणि म्हणालात, "ज्याची सेवा झाली तो रिव्ह्यू लिहायला उरत नाही गं. घरचे लिहितात ते रिसेप्शनबद्दल." आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत पाण्याची बाटली आणि एक दोनशेपानी वही घेऊन तुम्ही आमच्या दारात उभ्या, चला म्हणून.

पहिली जागा घोडबंदर रोडची. नाव घेत नाही. लॉबीत कारंजं, मंद आवाजात बासरी, मॅनेजरच्या केबिनमध्ये सोफा, आणि त्यांनी आम्हाला जी सँपल रूम दाखवली ती हॉटेलसारखी. दादाला जागा आवडली होती, तो तर अ‍ॅडव्हान्स किती म्हणून विचारायलाही लागला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात मला जरा बाथरूमला जायचंय आणि मला हाताला धरून घेऊन गेलात, आणि जाता जाता ज्या ज्या खोलीचं दार उघडं होतं तिथे "काय आजी, बरं आहे ना" करत डोकावत गेलात. मी तुमच्या मागे. तुम्ही बघत काय होतात हे मला बाहेर आल्यावर कळलं. त्या आजींचे ओठ कोरडे पडून फाटले होते आणि जिभेवर पांढरा थर. टाचा गादीवर तशाच टेकलेल्या, खाली उशी नाही, म्हणजे पडून पडून जखमा होणार. पाण्याचा ग्लास होता, झाकण घातलेला, स्वच्छ, पण टेबल पायथ्याशी. "हात पोचत नाही तिथे पाणी ठेवलंय म्हणजे ते नातेवाइकांना दाखवायला ठेवलंय," असं तुम्ही रिक्षात म्हणालात आणि दादा गप्प झाला.

पण खरी मजा केबिनमध्येच झाली होती. तुम्ही विचारलंत, दुखणं कसं मोजता? मॅनेजर म्हणाला आमचे डॉक्टर अनुभवी आहेत, चेहऱ्यावरून कळतं त्यांना. तुम्ही म्हणालात शून्य ते दहा विचारत नाही का पेशंटला, लिहून ठेवत नाही का? आणि जोरदार दुखण्यावरचं मॉर्फिन आहे का? तो हसून म्हणाला मॅडम, मॉर्फिनची सवय लागते, कायद्याचं पण लफडं असतं, आम्ही ट्रॅमाडॉलवर भागवतो. तुम्ही वही बंद केलीत. मला वाटलं आता भांडण होणार, पण तुम्ही फक्त "बरं" म्हणालात.

हे मॉर्फिनचं जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त भीती याचीच असते, आमच्या आत्याने तर "विष देताय का माझ्या भावाला" इथपर्यंत मजल मारली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच पायऱ्या घालून दिल्यात, साधं दुखणं असेल तर पॅरासिटामॉल, मग मध्यम दुखण्याला ट्रॅमाडॉल किंवा कोडीन, आणि कॅन्सरच्या जोरदार दुखण्याला तोंडाने मॉर्फिन, घड्याळ लावून ठरल्या वेळेला. माणूस कळवळायला लागल्यावर मग शोधाशोध, असं नाही. साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो म्हणून दर चार तासांनी. दुखण्यासाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली नीट मोजून दिलं तर माणूस सहसा त्याच्या नादी लागत नाही, हे तुम्ही आत्याला किती वेळा सांगितलंत. आणि ते कायद्याचं लफडं पण खरं होतं, पण पूर्वी. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हॉस्पिटलांना वेगवेगळ्या ठिकाणचे परवाने काढावे लागायचे, म्हणून कुणी ठेवायचंच नाही. २०१४ मध्ये कायदा बदलला, आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून संस्थेला मान्यता मिळाली की पुरे. म्हणजे आज कुणी कायद्याचं कारण सांगत असेल तर बहुतेक वेळा त्याने मान्यता मागितलेलीच नसते. तुमचं अजून एक, जे मी आता सगळ्यांना सांगत सुटते: ज्या डॉक्टरने मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध लिहिलं नाही, त्याला या कामाची सवय नाही. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच, आणि ती झाली की पेशंट गोळीच नको म्हणतो.

दुसरी जागा नवी मुंबईत नेरूळची, ट्रान्स हार्बर लोकलने गेलो. बारकीशी जागा, भिंतीचा रंग उडालेला, पण आत शिरल्यावर वास नाही, लघवीचा पण नाही आणि तो दडपायला ओतलेल्या फिनाइलचा पण नाही. तिथल्या सिस्टरने बसायच्या आधी विचारलं, अप्पांना स्वतःला काय हवंय, घरी राहायचंय का? आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग ती म्हणाली बेड रिकामा नाहीये, आणि खोटी आशा लावून ठेवत नाही, तुमचा पेशंट घरी सांभाळता येण्यासारखा आहे, घरी येणारी टीम बघा. बाहेर पडल्यावर तुम्ही वहीत काय लिहिलंत ते मी नंतर वाचलं, "नाही म्हणता येतं यांना." मार्क दिले होते तुम्ही त्याला.

तेव्हाच परतीच्या गाडीत तुम्ही बांद्र्याच्या शांती आवेदना सदनबद्दल सांगितलंत, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारं, १९८६ चं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं, आणि तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. नोकरीत असताना तुम्ही तिकडे पेशंट पाठवायचात. त्यामुळे जास्त पैसे म्हणजे जास्त चांगली सेवा हे गणित तुमच्या डोक्यात कधी नव्हतंच.

तिसरी टीम, जी आम्ही घेतली, ठाण्यातलीच, घरी येणारी. तिची परीक्षा तुम्ही तिला न सांगता घेतलीत. शनिवारी रात्री साडेअकराला तुमच्या मोबाइलवरून तिन्ही ठिकाणी फोन लावलात, स्पीकरवर. घोडबंदरवाल्यांचं रेकॉर्डिंग, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. नेरूळला वॉचमनने उचलला पण लगेच सिस्टरला दिला. तिसरीकडे एका मुलीने उचलला, झोपेतून उठलेली वाटली, आणि नाव-पत्ता-पॅकेज काही नाही, पहिला प्रश्न, "पेशंट आत्ता कसा आहे?" तुम्ही फोन म्यूट करून मला म्हणालात, हे घे.

तरी तुम्ही लगेच हो म्हणू दिलं नाहीत, त्यांचा डॉक्टर आल्यावर पुन्हा वही उघडलीत. रात्री कोण येणार, नर्स की ब्युरोने पाठवलेली बाई, आणि रोज नवीन बाई का? मधेच कळ आली तर जादा डोस किती, तो आमच्या हातात आधीपासून देऊन ठेवणार की तुम्ही यायची वाट बघायची? घोडबंदरला ट्रॅफिक अडकलं तर? घशात घरघर सुरू झाली तर काय करायचं, ते आधी शिकवणार का? औषध, डायपर, गाडीभाडं, कशाकशाचे पैसे वेगळे, ते कागदावर द्या. आणि मग तो प्रश्न, जो मला कधीच सुचला नसता: घरीच गेले, आणि रात्री गेले, तर सर्टिफिकेट कोण देणार? डॉक्टर एक क्षण थांबले आणि म्हणाले, मी देणार, मी नसेन तर माझा सहकारी, मृत्यूच्या कारणाचा चार-अ फॉर्म भरून. तुम्ही म्हणालात आत्ता फोनमध्ये दोघांचे नंबर सेव्ह करून द्या. काकू, अप्पा पहाटे गेले, आणि जवाहर बाग स्मशानभूमीत न्यायच्या आधी जो कागद लागतो तो सकाळी आमच्या हातात होता. माझ्या मैत्रिणीच्या घरी याच कागदासाठी वडिलांना तसंच ठेवून नातेवाईक दुपारपर्यंत दवाखान्यांतून फिरत होते, आधी न बघितलेल्या पेशंटच्या मृत्यूचं कारण लिहून द्यायला कुणीच डॉक्टर तयार नव्हता, आणि ते बरोबरच आहे त्यांचंही.

टीम अगदी देवासारखी होती असं पण नाही, उगाच कशाला. फिजिओवाला कधी सांगितलेल्या वेळेला आला नाही. डॉक्टर बोलायचे भरभर, आईला निम्मं कळायचं नाही. पण सिस्टरने आईला दोन तासांनी कूस कशी बदलायची ते चादर धरून दाखवलं, मग आईकडून करून घेतलं, मग परत बघितलं. अप्पांना गिळता येईना तेव्हा तिनेच सुचवलं की कोकम सरबत बर्फाच्या ट्रेमध्ये लावा आणि नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवा. अप्पा तो तुकडा चघळत म्हणाले, "साखर कमी आहे." रिटायर्ड एमएसईबीचा माणूस, फॉल्ट काढल्याशिवाय राहणार नाही.

त्याच टीमने अप्पांना सरळ विचारलं की मशिनवर ठेवायचं नाही असं तुम्ही म्हणता ते लिहून ठेवायचं का. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ते करता येतं हे ऐकून होतो, पण आधी त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. एक साक्षीदार तुम्ही झालात. त्या कागदामुळे शेवटच्या आठवड्यात दादा आणि मी भांडलो नाही, नाहीतर आमचं ठरलेलंच असतं, तो म्हणणार आयसीयू, मी म्हणणार नको, आणि आई मधे रडणार.

गेल्यानंतर दहाएक दिवसांनी त्या सिस्टरचा फोन आला, बिलाचा नाही, आई जेवते का विचारायला. मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही लगेच वही मागून घेतलीत आणि शेवटच्या पानावर तेही लिहिलंत.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या तुम्ही म्हणालात तशा मोजून टीमला परत दिल्या, पोच घेतली. अल्फा बेड, ती पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने हवा भरायची गादी, बी विंगच्या आजोबांकडे गेलाय, पंप चालू आहे पण त्याची वायर पलंगाखाली पायात येते, तुम्ही वर जाता तेव्हा त्यांच्या सुनेला दाखवा. आणि ती वही माझ्याकडेच आहे. आजोबांच्या मुलाने मागितली म्हणून झेरॉक्स काढून दिली, मूळ प्रत या रविवारी आणून देते. आईने वालाचं बिरडं करायचं ठरवलंय, तेव्हा घरी स्वयंपाक करू नका.

तुमची,
ए विंगमधली, अप्पांची मुलगी