दोन डॉलर आणि आधीच टिक केलेली चौकट

मा. संपादक,
स. न.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, तेव्हापासून एक युक्तिवाद सारखा कानी पडतो. चार रुपयांच्या सवलतीसाठी लोक खुशाल मोबाइल नंबर देतात, म्हणजे खासगीपणाची त्यांनाच किंमत नाही. मग कंपन्यांवर बंधने कशाला?

अर्थतज्ज्ञ अलेस्सांद्रो अक्विस्ती यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात असताना ही 'किंमत' प्रत्यक्ष मोजून पाहिली. लेस्ली जॉन आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांच्यासह केलेला हा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. मॉलमधल्या ग्राहकांसाठी दोन गिफ्ट कार्डे होती. १० डॉलरच्या कार्डावरची खरेदी नावाशी जोडली जाणार नव्हती, १२ डॉलरच्या कार्डावरची जोडली जाणार होती. ज्यांच्या हाती आधी १०चे कार्ड दिले, त्यांच्यापैकी सुमारे ५२ टक्के लोकांनी जादा २ डॉलर नाकारून तेच ठेवले. ज्यांना आधी १२चे दिले, त्यांच्यातले १० टक्केही २ डॉलर सोडून निनावी कार्डाकडे वळले नाहीत. सौदा तोच, फक्त सुरुवातीला हातात काय होते ते वेगळे. ज्यांची माहिती आधीच घेऊन ठेवली आहे, त्यांना 'परत हवी का' विचारले तर उत्तर स्वस्तच येणार. कंपन्या नेमके त्यावरच बोट ठेवतात.

आपल्या कायद्याला स्पष्ट कृतीने दिलेली संमती लागते, त्यामुळे आधीच टिक केलेली चौकट चालणार नाही. हे योग्यच. पण संमती घेताना दाखवायच्या सूचनापत्रावर फार विसंबू नये. अक्विस्ती व सहकाऱ्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात असे दिसले की, जोखमीची सूचना आणि त्यानंतर विचारलेले खासगी प्रश्न यांच्यात अवघा १५ सेकंदांचा खंड पडला तरी सूचनेचा परिणाम पुसला जातो. नोंदणीच्या वेळी एकदाच दाखवलेली लांबलचक सूचना म्हणूनच निरुपयोगी. परवानगीचे बटण जिथे, तिथेच ती एका ओळीत हवी.

दुकानांचेही तेच. ग्राहकाकडे नंबरची सक्ती करू नका, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३मध्येच कळवले होते. तरी काउंटरवर पहिला प्रश्न 'नंबर सांगा' हाच! क्रम उलटा हवा: आधी बिल, मग पॉइंट हवे असतील त्यालाच नंबर विचारायचा. बिलिंग सॉफ्टवेअरमधला तो रकाना रिकामा ठेवूनही बिल निघाले पाहिजे, नाहीतर कॅशिअर बिचारा काय करणार?

कंपन्यांवरची मुख्य बंधने अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी लागू होतील, म्हणजे अर्ज आणि ॲप नव्याने बांधायला २०२७च्या मे महिन्यापर्यंत वेळ आहे. संमती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे, असे कायदा सांगतो. एका टिचकीत दिलेली संमती काढून घ्यायला पुढेही ईमेल पाठवायला लावले, तर ग्राहकाने आधी कंपनीच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे आणि तिथे दाद न मिळाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे जावे.

– एक वाचक, ठाणे