मावशी, तुम्ही आमच्या डब्यातल्या नूडल्स खाल्ल्या

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

मागच्या शनिवारी शाळेत आहार मेळावा झाला. शाल-श्रीफळं देऊन झाली. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे, पाहुण्यांचे, बॅनरचा खर्च उचलणाऱ्यांचे आणि शेवटी मंडपवाल्याचेसुद्धा आभार मानून झाले. तुमचं नाव काही आलं नाही. तुम्ही तेव्हा मागे पाण्याच्या टाकीशी पातेली घासत होता. एवढा मेळावा ज्या गोष्टीमुळे भरला ती सुरू कोणी केली, हे समोर बसलेल्या कितीतरी पालकांना ठाऊक होतं. माझा माइकसमोर आवाज फुटत नाही, लिहिता मात्र येतं. म्हणून हे पत्र, आणि तेही असं चारचौघांत. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेलच. त्याला म्हणा, सावकाश वाच.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे हे तुम्हाला माहीत आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक सकाळी सहापासून दारात उभे असतात, त्यामुळे मला त्याआधी पोहोचावं लागतं. ह्यांची हिंगणा एमआयडीसीत रात्रपाळी. मी निघते तेव्हा हे घरी आलेले नसतात. सासूबाईंचे गुडघे सकाळी धड चालत नाहीत. अशा घरात पोरीच्या डब्यात काय जाईल? कधी ब्रेड-जाम, कधी बिस्किटं आणि बहुतेक वेळा नूडल्स. बरं, त्या नूडल्समध्येही मी लसूण ठेचून घालायची, गाजर किसून घालायची. तेवढं होत होतं.

तुमच्या शाळेच्या आधीची तिची शाळा मोठी होती. नाव लिहीत नाही, फाटक बघूनच फी कळायची. तिथे डब्यात नूडल्स सापडल्या की झाकणावर लाल रंगाचा स्टिकर लागायचा, रडक्या तोंडाचा. सगळ्या वर्गादेखत. पोर तो स्टिकर रिक्षातच नखांनी खरवडून काढायची आणि घरी येऊन सांगायची की झाकण पडलं, म्हणून ओरखडे आले. एकदा पालकांना बोलावून आहारावर भाषण झालं. पडद्यावर किन्वा, ॲव्होकॅडो, ब्लूबेरी. अहो, आपल्या नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये पहाटे आंबाडीच्या जुड्यांचे ढीग लागतात, इतवारीत जवस पोत्यानं मिळतो, आणि आम्हाला ब्लूबेरी! बाजूला बसलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, "हे गोकुळपेठेत तरी भेटते का हो?"

आणि त्याच शाळेच्या कॅन्टीनमध्ये चिप्सची पाकिटं लटकलेली, फ्रिजमध्ये रंगीत बाटल्या. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये विकू नका, असं राज्य सरकारने २०१७ मध्येच सांगितलं होतं. २०२० मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तर फाटकापासून ५० मीटरच्या आतही असं काही पोरांना विकायला मनाई केली. मग मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे, म्हणजे कशात किती साखर असते ते सांगणारे, फलक लावायला सांगितलं. फलक लागला. झकास, रंगीत, आणि बरोबर त्या फ्रिजच्या वर. ३०० मिलीच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते. राष्ट्रीय पोषण संस्थेवाले सांगतात की दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे फलकावर वाचायचं एक आणि खालून विकत घ्यायचं दुसरं. रडका स्टिकर मात्र आमच्या झाकणाला.

असो. तो राग आता ओकून टाकला.

तिचं हिमोग्लोबिन मी माझ्याच हाताने तपासलं होतं. ९.८ आलं. तिच्या वयाला ११.५ तरी हवं. आपल्या विदर्भात हिमोग्लोबिन कमी आलं की आधी सिकलसेल, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार, बघायचा, हे आम्हा लॅबवाल्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. ती तपासणी केली, नाही निघाला, सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं आणि म्हणाले, खाण्याकडे बघा. पण डबा उघडायचीच तिला धास्ती बसली होती. झाकण अर्धवट उघडून, वर हात आडवा धरून खायची. दिवाळीनंतर शाळा बदलली तरी ती सवय तशीच राहिली.

मग तुम्ही भेटलात.

मला हे कळलं ते तिच्याकडूनच. त्या दिवशी घरी आली आणि दप्तरही न उतरवता म्हणाली, "आई, मावशीला तुझा डबा खूप आवडला." मला काही उलगडेना. हळूहळू सगळं बाहेर आलं. मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली एकटी बसली होती. तुम्ही झाडू बाजूला ठेवून तिच्याजवळ बसलात. डब्यात काय आहे, हे विचारलं नाही. आपला डबा उघडला, भाकर मधोमध मोडली आणि म्हणालात, "चिमणे, मले हे रोजरोज खाऊन कंटाळा आला बाप्पा. तुह्यातलं थोडं देतं का?" मग तुम्ही गार झालेल्या, गोळा झालेल्या त्या नूडल्स खाल्ल्या. तोंड वाकडं केलं नाही. उलट म्हणालात, "तुह्या मायनं लसून काय मस्त टाकला!"

मावशी, हे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. माझ्या पोरीच्या डब्याचं इतकी वर्षं कोणी कौतुक केलं नव्हतं. अंधारात उठून ठेचलेल्या त्या चार पाकळ्या तेवढ्या तुम्हालाच लागल्या. त्यांनी डब्यावरून माझी परीक्षा घेतली, तुम्ही त्यातला घास घेतला.

पुढे मी स्वतः बघितलं. लॅबमधून लवकर सुटले होते, तिची विसरलेली वही द्यायला आले. तुम्ही फिल्टरच्या ओट्याजवळ बसलेल्या. आधी सगळ्या पोरांना नळावर पाठवलं, हात धुऊन आलेल्यांचे पंजे उलटेसुलटे करून पाहिले. मग स्टीलच्या डब्यातलं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, कडेला जवसाची चटणी, तिच्यात बोटाने खळगा करून सोडलेलं तेल, बुक्कीने फोडलेला कांदा. माझी लेक भाकरीचा पापुद्रा काढून त्यात चटणी भरत होती. शेवटी तुम्ही पदराखालून एक संत्रं काढलं, सोललं आणि प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन फोडी ठेवल्या. का, असं मी विचारलं तर म्हणालात, "भाकर कोरडी लागते न लेकराइले."

आता लॅबवालीचं ऐका. ज्वारी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह शरीर सहजासहजी उचलत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व गेलं, म्हणजे संत्रं, लिंबू, आवळा, तर जास्त उचलतं. जेवणाला लागून चहा घेतला तर तोच चहा त्यात खोडा घालतो. तुम्ही लेकरांच्या घशाचा विचार केला आणि तेवढ्यात त्यांच्या रक्ताचंही काम करून मोकळ्या झालात. आंबिया बहाराची संत्री तेव्हा रस्त्यारस्त्यावर ढिगानं होती. महाग काहीच नव्हतं त्यात.

तुमच्या त्या ओट्यापासून पुढचं सगळं कसं वाढत गेलं ते इथे उगाळत बसत नाही. पोरं अदलाबदलीसाठी घरून काहीबाही मागून आणू लागली, वर्गाच्या बाईंनी शनिवार ठरवून दिला, आज्या आल्या. आमच्या सासूबाईंचं मात्र सांगितलंच पाहिजे. त्यांना बारा वर्षांपासून साखर आहे. डॉक्टर फिरायला सांगून थकले, त्यांचं उत्तर ठरलेलं, "माह्यानं नाई होत." पण शनिवारी दुसऱ्याच कोणाच्या आजीने आंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या आणल्या आणि पोरांनी पातेलं पुसून खाल्लं, हे नातीकडून कळलं मात्र, सासूबाई दुसऱ्याच आठवड्यात कण्या घेऊन स्वतः शाळेपर्यंत पायी! वाटेत तीन ठिकाणी टेकल्या, पण आल्या. आता नातीला सोडायला त्याच येतात. त्यांची साखर उतरली असा दावा मी करणार नाही, रिपोर्ट माझ्याच हातून जातात. चहातली साखर अर्ध्यावर आली आहे आणि जेवणावर चहा बंद झाला आहे, एवढं खात्रीने सांगते.

ह्यांचंही थोडं. रात्रपाळीवरून येताना रोज तर्री पोहे हाणायचे, आता फक्त रविवारी. पूर्ण सोडा असं मी म्हटलं नाही. नागपुरात राहून तसं म्हणूही नये. शिवाय तर्रीतला हरभरा चांगलाच असतो, वरचा लाल तवंग तेवढा बाजूला सारायचा. रविवारी आम्ही तिघं अंबाझरीला चक्कर मारतो, पोर पुढे पळते आणि आम्ही दोघं मागून हाका मारत जातो. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघांनी एकत्र चालायला सकाळ पहिल्यांदाच मिळाली.

पोरीचं हिमोग्लोबिन आता ११.६ आहे. सगळं श्रेय भाकरीला दिलं तर डॉक्टर रागावतील. औषध तिने नेमाने घेतलं, त्याचा वाटा मोठा. पण औषध पोटात जायला आधी पोर जेवायला बसावी लागते, आणि ती बसली तुमच्याजवळ. झाकणावर आता हात धरत नाही. परवा तर डबा सताड उघडून साऱ्या वर्गाला मेथीचे धपाटे दाखवत होती म्हणे.

मला एक गोष्ट फार जाणवली. खाण्यावरून माणसाला लाजवणं आपल्याकडे किती सहज चालतं. जाड्याला टोमणा, बारक्याला टोमणा, डब्यात शिळं निघालं तर आईला टोमणा. शिकलेली माणसं यात जास्त, कारण त्यांच्याकडे तक्ते असतात. तुम्ही तक्ता न दाखवता आधी जवळ बसलात. लॅबमध्ये रिपोर्ट देताना मीसुद्धा आता एक वाक्य जास्त बोलते. "साखर वाढली आहे" म्हणून कागद पुढे सरकवायच्या आधी विचारते, "काकू, सकाळी नाश्त्याला काय असतं तुमच्याकडे?" लोक खुर्ची ओढून बसतात आणि सांगायला लागतात. रांग वाढते, साहेब डोळे वटारतात, वटारू देत.

आता तुमच्याबद्दल. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा आकडा ५४ टक्के. तुम्ही त्या वयाच्या पुढे गेलात, पण जिना चढताना मधल्या पायरीवर कठड्याला धरून थांबता, ते मी पाहिलं आहे. अर्धी भाकर रोज दुसऱ्याच्या पोराला देऊन तुमच्या वाट्याला किती उरते, हेही पाहिलं आहे. तपासणीला या म्हटलं की तुम्ही हसून विषय बदलता. ह्या रविवारी ते चालणार नाही. सकाळी सातला लॅबवर या, आदल्या रात्री जेवल्यानंतर काही खायचं नाही, साधं पाणी चालेल. चहा घेऊन यायचं नाही, तुमची सवय मला माहीत आहे. हिमोग्लोबिन आणि साखर दोन्ही करू. पैशाचं मी बघते, त्यावर वाद नको. सुई मीच लावीन, चिमणी शेजारी बसायला येणार आहे.

तुमची,
चिमणीची आई

ता. क. सासूबाई विचारतात, जवसाच्या चटणीत तुम्ही तीळ घालता की नुसतं जिरं? त्यांच्या हातची कडू होते आहे आणि त्या कबूल करत नाहीत. रविवारी येताना जवस किती भाजायचा तेवढं त्यांना कानात सांगा.